वार मोडत नाही

पाटणच्या शिलालेखातले साल चुकले आहे. तेही भास्कराचार्यांच्या नातवाने उभारलेल्या मठाच्या दानलेखात.

चाळीसगावहून दक्षिणेला निघाले की अजिंठा-सातमाळ्याच्या डोंगराला टेकून, गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या कडेला हे पाटण लागते. जळगाव जिल्ह्यात त्याला कुणी नुसते पाटण म्हणत नाही, पाटणादेवी म्हणतात. नवरात्रात गाड्या भरभरून माणसे येतात, चंडिकेचे दर्शन घेतात आणि धबधब्याला पाणी असेल तर तिकडे वळतात. १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी इथला संस्कृत लेख विद्वानांपुढे आणला. निकुंभ वंशातल्या सोईदेवाने एका मठाला दान दिल्याची ती नोंद आहे. मठ चांगदेवाचा. हा चांगदेव लक्ष्मीधराचा मुलगा आणि भास्कराचार्यांचा नातू, यादव राजा सिंघणाच्या पदरचा ज्योतिषी. आजोबांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ आणि घराण्यातले इतर ग्रंथ शिकवले जावेत यासाठी हा मठ होता. लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे. कोणत्या मालावर मठाला किती हिस्सा द्यायचा, असा तो सरळ बाजारी हिशेब. अभ्यासकांची नजर मात्र मधल्या एका ओळीवर अडते. तिथे कालनिर्देश आहे: शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहणाचा समय.

अडचण अशी, की शके ११२८ ला प्रभव संवत्सर नव्हते. साठ संवत्सरांच्या माळेतले शेवटचे ‘क्षय’ त्या वर्षी चालू होते. माळेतले पहिले, म्हणजे प्रभव, आले शके ११२९ ला. मग खरे काय मानायचे, आकडा की संवत्सराचे नाव? शक कधी ‘गत’ धरतात तर कधी ‘चालू’, पण ती पळवाटही इथे उपयोगी नाही. ११२८ हे चालू वर्ष मानले तर आपण प्रभवापासून आणखी एक वर्ष मागे जातो. राहता राहिला साक्षीदार ग्रहणाचा. शके ११२८ च्या श्रावणी पौर्णिमेला चंद्र आपल्या पातापासून, म्हणजे त्याची कक्षा सूर्यमार्गाला छेदते त्या बिंदूपासून, बराच दूर होता, त्यामुळे ग्रहण शक्यच नव्हते. पुढच्या वर्षीच्या श्रावणी पौर्णिमेला, ९ ऑगस्ट १२०७ ला, तो पाताच्या पुरेसा जवळ होता. ग्रहण झाले. संवत्सराचे नाव बरोबर, पौर्णिमा बरोबर, ग्रहण बरोबर. चुकला तो फक्त आकडा. साठीचे जुने चक्र संपून नवे नुकतेच लागले होते. जानेवारीत आपण चेकवर मागचेच साल लिहितो, तसे लिहिणाऱ्याचे झाले असावे, असा माझा तर्क. या ओळीत तिथी, संवत्सर, ग्रहण सगळे आहे. वार तेवढा नाही.

तो असता तर हा गुंता पहिल्याच पायरीला सुटला असता. तसे का, ते सांगायचे तर आधी आपली कालगणना कुठे कुठे तुटते ते पाहावे लागेल.

चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. चंद्राची चाल एकसारखी नसल्यामुळे तिथी कधी साधारण १९ तासांची होते, कधी २६ तासांची. सूर्योदयाला जी असेल ती त्या दिवसाची तिथी, असा व्यवहार आहे. त्यामुळे एखादी तिथी दोन सूर्योदय पाहते आणि दोनदा येते, तर एखादी दोन सूर्योदयांच्या मधल्या मध्ये उरकते आणि तिचा क्षय होतो. महिन्यांचेही तेच. सूर्याने रास न बदलता एखादा चांद्रमास संपला की तो अधिक. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. वर्षाची सुरुवातही एक नाही. आपले शक वर्ष चैत्रात बदलते आणि जळगावच्या बाजारातल्या गुजराती व्यापाऱ्याचे संवत दिवाळीच्या पाडव्याला. मारवाडातून आलेल्या घरांचा महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून आपल्या आश्विन अमावस्येला ती मंडळी कार्तिकातली अमावस्या म्हणतात. पूजा एकाच लक्ष्मीची, महिना मात्र ज्याचा त्याचा. २०२५ मध्ये तर देशभरची पंचांगे तारखेवरूनही फुटली. अमावस्या २० ऑक्टोबरच्या दुपारी लागली आणि २१ च्या संध्याकाळी संपली. कुणी २० ला लक्ष्मीपूजन सांगितले, आपल्याकडच्या बहुतेक पंचांगांनी २१ ला.

आता समजा, कुणी विचारले की शके १८४० च्या कार्तिक वद्य चतुर्थीपासून आजपर्यंत किती दिवस झाले? बोटे मोजून हे उत्तर मिळणार नाही. मधले अधिक महिने किती, क्षय तिथी किती, वृद्धी किती, हे सगळे धुंडाळावे लागेल. इंग्रजी तारखांचे गणित त्या मानाने सोपे, पण तिथेही ३० आणि ३१ चे महिने, लीप वर्षे आणि मध्येच गाळलेले दिवस आहेतच. तारीख किंवा तिथी हा दिवसाचा पत्ता आहे, आणि पत्त्यातून अंतर वजा करता येत नाही. वजाबाकी हवी असेल तर एका ठरावीक दिवसापासून एक, दोन, तीन असे न थांबता मोजत यावे लागते. महिना नाही, वर्ष नाही, अधिक नाही, क्षय नाही. दिवसांच्या या अखंड राशीला आपले ज्योतिषी अहर्गण म्हणतात. ग्रह आज कुठे आहे हे काढायचे म्हणजे त्याची रोजची मध्यम गती गुणिले अहर्गण. म्हणून सिद्धांतग्रंथांतले पहिले खरे काम अहर्गण साधण्याचे असते.

भास्कराचार्य शके १०३६ चे, म्हणजे इसवी १११४ चे. सह्याद्रीजवळचे विज्जडविड हे आपले गाव, असे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. ते पाटणच की आणखी कुठले, यावर बीड आणि विजापूरकडची मंडळी भांडतात. त्यांनी खुशाल भांडावे, शिलालेख आपल्याकडे आहे. ‘सिद्धांतशिरोमणी’ छत्तिसाव्या वर्षी, शके १०७२ मध्ये झाला. त्यातले माप कल्पाचे: ४ अब्ज ३२ कोटी सौर वर्षांत १५,७७,९१,६४,५०,००० सावन दिवस, म्हणजे सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत मोजलेले दिवस. एका वर्षाला ३६५.२५८४ दिवस पडतात. पुढे उतारवयात, शके ११०५ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. करणग्रंथ म्हणजे पंचांग करणाऱ्याच्या हाताशी राहणारे पुस्तक. कल्पाच्या आरंभापासून मोजत बसायचे नाही, जवळचा एक दिवस धरायचा आणि त्या दिवशीची ग्रहस्थिती तयार ठेवायची. भास्कराचार्यांनी धरलेला दिवस २४ फेब्रुवारी ११८३, गुरुवार.

हा दिवस कलियुगाच्या आरंभापासून कितवा, ते काढून पाहण्यासारखे आहे. शके ११०५ म्हणजे कलीची ४२८४ वर्षे संपली. त्यांचे सौर महिने ५१,४०८. एवढ्या काळात अधिक महिने किती, ते त्रैराशिकाने काढायचे. भागाकार येतो १५८० आणि वर चिमूटभर. १५८० मिळवले, तिसाने गुणले की तिथी होतात १५,८९,६४०. त्यांतून क्षय तिथी वजा करायच्या. त्याही त्रैराशिकानेच येतात, २४,८७३. उरतात १५,६४,७६७ दिवस. कलियुग शुक्रवारी लागले, म्हणून साताने भागून बाकी शुक्रवारापासून मोजायची. वार निघतो शनिवार.

पण हवा आहे गुरुवार.

इथेच या रीतीतले खरे कसब दिसते. अधिक महिन्यांचा भागाकार पूर्णांकाच्या उंबरठ्यावर थांबला होता, आणि मध्यम गणिताने ‘पडला’ म्हटलेला महिना प्रत्यक्षात अजून पडायचा होता. असे प्रसंग येतात हे भास्कराचार्यांना ठाऊक होते. पडलेला अधिक महिना हिशेबात आला नाही तर एक वाढवा, न पडलेला आला तर एक कमी करा, असा नियमच त्यांनी सांगितला आहे. एक कमी करून १५७९ घेतले की क्षय तिथी तेवढ्याच राहतात, अहर्गण होतो १५,६४,७३७ आणि वार येतो गुरुवार. चूक होती तीस दिवसांची. तिसाला साताने भागले की दोन उरतात, तेच दोन वार पुढे गेले होते. एखाद्या तिथीची चूक असती तर वार एकाने हलला असता. दोन्ही चुका वाराच्या एका चाचणीत उघड्या पडतात. म्हणून अहर्गण काढला की आधी वार तपासायचा, हा धडा पंचांग शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी मिळतो.

मला यात गंमत वाटते ती निराळ्याच कारणाने. अधिकमासाचे त्रैराशिक विद्वानांचे, आणि त्याची परीक्षा ज्यावर होते तो वार सगळ्यांचा. आठवड्याचा बाजार भरवणाऱ्या, शनिवारी मारुतीला तेल वाहणाऱ्या, सोमवार धरणाऱ्या माणसांनी काही न लिहिता सातांची ही साखळी सांभाळली. राज्ये बदलली, शक बदलले, गुरुवारनंतर शुक्रवारच आला. युरोपात १५८२ मध्ये पोप ग्रेगरींनी दहा तारखा गाळल्या. ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर उजाडला. पण चार तारखेला गुरुवार होता आणि पंधराला शुक्रवार. इंग्रजांनी १७५२ मध्ये अकरा तारखा गाळल्या तेव्हाही बुधवारनंतर गुरुवारच आला. वाराला मात्र दोघांनीही हात लावला नाही.

खानदेशातला सगळ्यांत मोठा घरगुती सण, कानबाई, या साखळीवरच बसतो. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई बसते. माणसांगणिक मुठी मोजून घेतलेल्या गव्हाचे रोट होतात, रात्र जागते आणि सोमवारी नदीवर विसर्जन. आता नागपंचमी तिथीची, ती मागेपुढे होणार. रविवार वाराचा, तो जागचा हलत नाही. म्हणून दोन कानबाईंमधले अंतर नेहमी पुऱ्या आठवड्यांचेच असते. ११ ऑगस्ट २०२४ ते ३ ऑगस्ट २०२५ एक्कावन्न आठवडे, आणि तिथून पुढच्या वर्षीच्या २३ ऑगस्टपर्यंत, मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे, पंचावन्न. चाळीसगावकडच्या एका आजींना मी हे मोठ्या कौतुकाने सांगायला गेलो. त्या पीठ चाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आम्हले तिथ समजत नई भाऊ, आम्हले ऐतवार समजस.” पुढे बोलायला मला काही उरले नाही.

भास्कराचार्यांचा करणग्रंथ पुढे मागे पडला, कारण धरलेल्या दिवसापासून जसजसे दूर जावे तसतसा अहर्गण फुगत जातो आणि चुका साचतात. त्यावर कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, ‘ग्रहलाघव’ लिहिताना, नामी तोड काढली. अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे एक चक्र केले. आरंभ सोमवार, १९ मार्च १५२०. किती चक्रे झाली ते वेगळे लिहायचे आणि उरलेले दिवस तेवढे अहर्गण म्हणून वापरायचे. संख्या चार आकड्यांच्या पुढे जात नाही, पाटीवर मावते. ४०१६ ला साताने भागले तर पाच उरतात, म्हणून वार पडताळताना चक्रांना पाचाने गुणून मिळवायचे आणि सोमवारापासून मोजायचे. महाराष्ट्रातले पंचांग पुढची काही शतके याच पाटीवर झाले. देशांतराचा संस्कारही खानदेशच्या जोशांना फारसा जाचला नसणार. उज्जैनची रेखा गणिताची मूळ रेखा, आणि जळगाव तिच्यापासून जेमतेम पाव अंश पश्चिमेला आहे. मिनिटभराचाही फरक पडत नाही.

मात्र एक गोष्ट मला खटकत आली आहे. अहर्गण आपल्याकडे पाटीवरच राहिला. काम झाले की पुसला गेला. केरळात तसे झाले नाही. तिथे कलिदिन, म्हणजे कलीपासूनचा अहर्गण, लोकांच्या तोंडी गेला, कारण संख्या अक्षरांत गुंफण्याची त्यांची जुनी रीत होती. मेल्पत्तूर नारायण भट्टतिरी यांच्या ‘नारायणीयम्’च्या अखेरीस १७,१२,२१० हा कलिदिन शब्दांत गुंफलेला आहे. तो पडतो इसवी १५८६ च्या अखेरीस, आणि त्यावरून ग्रंथ पुरा झाल्याचा नेमका दिवस सांगता येतो. आपल्या शिलालेखांत, ताम्रपटांत, बखरींत शक आहे, संवत्सर आहे, कधी नक्षत्र-योगही आहेत, पण दिवसांची राशी मला कुठे आढळली नाही. ज्यांच्या घराण्यात अहर्गणाचे हे नियम लिहिले गेले, त्यांच्याच मठाच्या लेखात तो नाही. चाळीसगाव तालुक्यातच गिरणेकाठी बहाळ आहे. भास्कराचार्यांचे भाऊ श्रीपती यांच्या शाखेतल्या अनंतदेवाने तिथे भवानीचे मंदिर बांधले. त्याचा लेख शके ११४४, चित्रभानू संवत्सराचा, आणि तिथे आकडा नि नाव नीट जुळतात. दिवसराशी तिथेही नाहीच.

त्याची किंमत इतिहासकारांना मोजावी लागली, आणि त्या हिशेबाचा एक मोठा अध्याय धुळ्याशी जोडलेला आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित मूळचे दापोलीजवळच्या मुरूडचे, जन्म १८५३ चा. पेशा शिक्षकाचा. बदल्या होत होत ते धुळ्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये आले आणि काही वर्षे तिथे होते, नंतर पुण्याला गेले. ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ हा त्यांचा ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी लंडनला रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. कोणतीही तिथी इंग्रजी तारखेत आणि वारात कशी न्यायची, याची कोष्टके त्यात आहेत. दोन वर्षांत, १८९८ मध्ये, ते गेले. पंचेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. मराठीत लिहिलेल्या शास्त्रग्रंथांत ‘ज्योतिषशास्त्राचा इतिहास’ मी अगदी वरच्या ओळीत ठेवीन. त्याची मराठी आजही कोरडी वाटत नाही.

वाराचे मोल काय, हे कळायला दीक्षितांनीच केलेले एक काम पुरे आहे. गुप्त राजांचा शक नेमका कधी सुरू झाला यावर एकोणिसाव्या शतकात पंडितांची जुंपली होती. मते शेकडो वर्षांनी वेगळी होती. मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात एरण इथे बुधगुप्ताच्या काळचा एक स्तंभ आहे. त्यावर गुप्त वर्ष १६५, आषाढ शुक्ल द्वादशी आणि गुरुवार असे कोरले आहे. भारतातल्या लेखांत वाराचे जे अगदी जुने उल्लेख सापडतात, त्यांतला हा एक. जॉन फ्लीट गुप्त लेखांचा आपला ग्रंथ सिद्ध करत होते, गणिते दीक्षितांनी केली. गुप्त शकाचा आरंभ ३१९-३२० धरला तर ती द्वादशी २१ जून ४८४ ला येते, आणि तो दिवस निघतो गुरुवार. फ्लीटांचा ग्रंथ १८८८ मध्ये आला आणि वाद बराचसा थंडावला. स्तंभ कोरणाऱ्याने वार लिहिला नसता तर तो आणखी किती वर्षे धुमसला असता कुणास ठाऊक.

युरोपीय ज्योतिषांची अखंड मोजणी तोवर रुळली होती. १५८३ मध्ये जोसेफ स्कॅलिजर यांनी २८, १९ आणि १५ वर्षांची तीन चक्रे गुणून ७९८० वर्षांचा एक काळ कल्पिला. त्याचा आरंभ इसवी सनापूर्वी ४७१३ च्या १ जानेवारीला येतो. जॉन हर्शेल यांनी १८४९ च्या आपल्या ग्रंथात त्या आरंभापासून नुसते दिवस मोजण्याची रीत पुरस्कारली, आणि ज्योतिषांनी ती उचलली. जूलियन दिनांक तो हाच. दिवस दुपारी बाराला बदलतो, कारण दुर्बिणीशी बसणाऱ्याला रात्रीतून आकडा बदललेला नको असतो. ही दुपार ग्रीनिचची, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. या आकड्यातून ५,८८,४६६ वजा केले की आपला कलीपासूनचा अहर्गण मिळतो, मागे-पुढे काही नाही. ९ ऑगस्ट १२०७ चा आकडा २१,६२,१३५. २१ ऑक्टोबर २०२५ चा २४,६०,९७०, आणि त्याच दिवसाचा कली अहर्गण १८,७२,५०४. दोन्ही मोजण्या एकमेकींना न विचारता सुरू झाल्या, पण दिवसाला दिवस मोजला की त्यांच्यातले अंतर कधीच बदलत नाही.

आरंभ जवळ ओढून घेण्याची भास्कराचार्यांची युक्ती मात्र सगळ्यांनाच पुन्हा पुन्हा सुचली. १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला. त्याचा माग ठेवणाऱ्या अमेरिकी शास्त्रज्ञांना त्यांच्या संगणकात सात आकडी संख्या जड जाऊ लागली, तेव्हा त्यांनी चोवीस लाख आणि वर अर्धा दिवस वजा करून मोजणी १७ नोव्हेंबर १८५८ च्या मध्यरात्रीपासून धरली. संगणकाच्या युनिक्स पद्धतीने १ जानेवारी १९७० धरला, आणि दिवसांऐवजी सेकंद मोजायला घेतले. जुन्या ३२ बिटांच्या यंत्रांत ही मोजणी १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी पावणेनऊच्या सुमारास, रकान्याबाहेर जाईल. गणेश दैवज्ञांसारखे चक्र लावून ठेवायला कुणी नव्हते.

जळगावच्या दाणा बाजारातल्या कोणत्याही मुनिमाला अहर्गण माहीत नसतो, पण तो रोज वापरतो. एक्सेलच्या रकान्यात २१ ऑक्टोबर २०२५ लिहा आणि रकान्याची मांडणी ‘संख्या’ अशी करा. तारीख जाऊन ४५९५१ उमटेल. यंत्राच्या पोटात तारीख नाहीच, १९०० च्या आरंभापासून मोजलेला दिवस आहे. उधारीचे व्याज काढताना दोन रकान्यांची वजाबाकी होते ती त्यामुळेच. यातही एक चूक जपून ठेवलेली आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हते, तरी एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० मानते आणि त्याला ६० हा आकडा देते. आधीच्या लोटस प्रणालीत ही चूक होती. तिच्या फायली जशाच्या तशा उघडाव्यात म्हणून नव्या प्रणालीने ती मुद्दाम ठेवली. परिणाम असा, की एक्सेलमध्ये १९०० च्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या तारखांचे वार एकाने चुकतात. इथेही चूक उघडी पडते ती वाराने!

शेतकऱ्याचे याहून साधे आहे. पाऊस मृगाने ठरतो, आणि मृग सूर्याचा असल्यामुळे सात जूनच्या आसपास अढळ आहे. पण एकदा कपाशी लावली, केळीची रोपे जमिनीत गेली, की पुढचा हिशेब तिथीचा नाही, तारखेचाही नाही. लागवडीपासून कितवा दिवस, त्यावर खताचा हप्ता आणि फवारणी ठरते. रावेर-यावलकडच्या केळीवाल्याला बागेचे वय विचारा, तो दिवसच सांगेल. प्रत्येक शेताचा आरंभदिवस वेगळा, मोजणी अखंड. करणग्रंथ म्हणतात तो याहून निराळा काय असतो?

निरनिराळ्या कालगणना एकमेकींशी जुळवण्याचा प्रश्न धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात सगळ्यांत उघडा होऊन समोर येतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच देह ठेवला. पुढच्याच वर्षी मंडळ उभे राहिले, त्यांची कागदपत्रे सांभाळण्यासाठी. खानदेशावर फारुकींनी राज्य केले, १६०१ नंतर मोगलांनी, मग पेशव्यांनी, १८१८ पासून इंग्रजांनी. प्रत्येकाने आपापला काळ आणला. पेशवाईतल्या कागदावर ‘छ’ लिहून पुढे येतो तो हिजरी महिन्याचा चंद्र. ‘खमस सबैन मया व अलफ’ असे अरबी शब्दांत लिहिलेले वर्ष सुहूर सनाचे: पाच, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७५. ते मृगाला बदलते, म्हणून इसवी १७७४-७५. शेजारी शके, कधी राज्याभिषेक शक, महसुलाच्या कागदावर फसली सन. त्यात मुसलमानी दिवस सूर्यास्ताला लागतो, आपला सूर्योदयाला, इंग्रजांचा मध्यरात्री. रात्री लिहिलेल्या पत्राचा दिवस कोणता, हे तीन जण तीन प्रकारे सांगतील. बा. प्र. मोडकांची जंत्री, ग. ह. खरे यांची ‘शिवकालीन संपूर्ण शकावली’ ही त्यावरची साधने. या माणसांनी डोळे फोडून केलेल्या कामावर मराठ्यांच्या इतिहासाची अर्धीअधिक इमारत उभी आहे, आणि त्यांची नावे आज पदवीच्या विद्यार्थ्यालाही माहीत नसतात.

एवढे करूनही तारखेत पेच राहतोच. जेधे शकावलीने शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा दिला. राज्य सरकारने २००१ मध्ये त्यानुसार १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. ही तारीख जूलियन पद्धतीची आहे, कारण इंग्रज त्या काळी तीच वापरत. ग्रेगोरियन पद्धतीने, म्हणजे आज आपण ज्या पद्धतीने १९ फेब्रुवारी म्हणतो त्या पद्धतीने, तो दिवस १ मार्च १६३०. दोन्ही तारखा खऱ्या आहेत आणि दोन्हींचा आकडा एकच, २३,१६,४६५. साताने भागा, चार उरतात. जूलियन दिवसांत शून्य म्हणजे सोमवार, चार म्हणजे शुक्रवार. शकावलीने लिहिलेला वार बरोबर बसला. तिथी आणि तारखेवरून आपण हवे तेवढे वाद घालू, या आकड्यात वादाला जागा नाही.

मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला, त्यातून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका आली. तिच्या हिशेबाने २१ ऑक्टोबर २०२५ म्हणजे २९ आश्विन १९४७. आकाशवाणी आणि राजपत्राबाहेर ती फारशी गेली नाही, आणि जाईल असेही दिसत नाही. आणखी एक नवी दिनदर्शिका लोकांवर घालण्यापेक्षा मला एक साधी गोष्ट करून पाहावीशी वाटते. मोडी कागदांच्या सूच्या आता संगणकावर होऊ लागल्या आहेत. तिथे कागदावरची मिती आहे तशी उतरवावी, शेजारी एक रकाना दिवसाच्या आकड्याचा ठेवावा, आणि मिती संशयाची असेल तर दोन आकडे द्यावेत. मग धुळ्याचा कागद, पुण्याचा रुमाल, मुंबईच्या इंग्रज वखारीचे पत्र आणि एखादे पोर्तुगीज टिपण एका क्षणात ओळीने लावता येतील. कुणाचा शक कुणावर लादावा लागणार नाही. त्यासाठी दीक्षितांचे गणित यायला हवे असेही आता नाही, ते मोबाइल करून देतो. ‘छ’ पुढची ती घसरती अक्षरे वाचणारा माणूस मात्र लागतो, आणि तसे वाचणारे खानदेशात आज किती उरलेत, हे मंडळात नेमाने येणाऱ्यांना विचारले तर ते बोटांवर मोजायला सुरुवात करतात.